लोवेल आजोबांचे दात

२९ ऑक्टोबर
झाले मी प्रमुख! बाकी सहा जणांनी हात वर केला नाही, एवढीच माझी लायकी. परवा हॅलोविन. गावातली पोरं भुतंखेतं बनून वृद्धाश्रमात येणार, दारोदार खाऊ मागणार. व्यवस्था आम्हा कॉलेजवाल्यांची. आश्रमाच्या ऑडेगार्डबाईंनी बजावलंय — "ग्रेटा, एक जरी तक्रार आली ना, पुढच्या वर्षी पाऊल ठेवू देणार नाही."

३० ऑक्टोबर
चॉकलेटं बाईंनी स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केली. "इथे अर्ध्यांना डायबेटिस आहे. वास लागला तर उद्यापर्यंत कागदसुद्धा उरणार नाही."

३१ ऑक्टोबर
बाई केस रंगवायला गेल्या. किल्लीसकट! फोन उचलत नाहीत. तीन वाजता दारात चाळीस पोरं. माझे सहा स्वयंसेवक सांगाडे बनलेले, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत.

धावत आत गेले. "आजी, पोरांना जरा गप्पांत गुंतवा!" एर्मा आजी म्हणाल्या, "दाराशी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू होय?" आणि पहिल्या पोराच्या पिशवीत डावा बूट टाकला. मग काय — सगळ्यांच्याच अंगात आलं. टीव्हीचा रिमोट गेला. भिंतीवरचं घड्याळ गेलं. लोवेल आजोबांकडे काहीच नव्हतं. त्यांनी दात काढले, रुमालात गुंडाळले, ज्यूनीच्या पिशवीत ठेवले. सात वर्षांची चेटकीण! किंचाळली नाही. "थँक्यू" म्हणाली.

१ नोव्हेंबर
सकाळपासून फोन. "आमच्या पोराच्या पिशवीत कानातलं मशीन आहे, आणि ते शिट्ट्या मारतंय!"

बाईंचे केस तांबडे, चेहरा त्याहून. "सगळं परत हवं. एक वस्तू कमी पडली तरी तुमचं हॅलोविन कायमचं बंद."

२ नोव्हेंबर
दिवसभर पोरं येत होती. वस्तू दिली तरी हलेनात! एर्मा आजींनी एकाकडून बुटाची नाडी तीनदा बांधून घेतली. सगळं परत आलं.

दात सोडून.

ज्यूनी मान खाली घालून म्हणाली, "कुत्र्याने पळवले बहुतेक."

३ नोव्हेंबर
ज्यूनी शाळेतून थेट आली. कुत्र्याच्या घरात नाहीत म्हणे. आजोबांशी तासभर पत्ते खेळली.

४ नोव्हेंबर
सोफ्याखालीही नाहीत. दोन तास पत्ते.

६ नोव्हेंबर
आजोबा नुसत्या सूपवर. आज बाई ओरडल्या — "नव्या दातांना सहा आठवडे लागतील! चार वर्षांत या माणसाकडे दातांच्या डॉक्टरशिवाय चिटपाखरू आलं नव्हतं, त्यातून हे!" पुढचं वर्ष गेलंच. सांगाड्यांना कसं सांगू?

७ नोव्हेंबर
चार वाजता आजोबांच्या खोलीत दार न वाजवता शिरले. आजोबा पॉपकॉर्न खात होते — कडाकडा! मला बघून ज्यूनीने निमूट तळहात पुढे केला. त्यांनी दात काढून तिच्या हातावर ठेवले, तिने खिशात घातले. मग दोघं हसली. पुढचे दात दोघांनाही नाहीत.

दार ओढून घेतलं. बाईंना सांगितलं — शोध चालू आहे.