मेढीपुरती माती

प्रिय अनघा,

फोनवर बोलायला गेलो की तुझी सासू विठाबाई शेजारी येऊन बसते आणि माझं निम्मं बोलणं पोटातच राहतं. म्हणून कागद घेतला. शाळा चौथीपर्यंतच. जमेल तसं लावून घे.

आपलं अंगण असं करायचं म्हणून तू पाठवलेला फोटो बघितला. खाली फरशी, कडेने कुंड्या, एका बाजूला झोपाळा, वर काचेसारखा पत्रा, दिव्यांची माळ. छान आहे गं, नाही कसं म्हणू? पण तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. आपल्या बेडश्याच्या पावसात फरशीवर शेवाळ धरणार. विठाबाई अंगणात चप्पल घालत नाही. घसरली तर उचलायची कुणी? कुंड्या वानरं पाडतील. पत्रा वाऱ्याने उडून श्रीपतीच्या गोठ्यावर गेला आणि त्याची म्हैस दगावली तर? तू हसशील. पवनसुद्धा माझ्या काळजीला असाच हसायचा.

आमचा पोर मोटारसायकलच्या अपघातात गेला त्याला चार पावसाळे झाले. दर रविवारी तू वलवणहून येतेस, आमच्या गोळ्या लावून ठेवतेस, विठाबाईची वेणी घालतेस. आता म्हणतेस, वलवणची खोली सोडते, कायमची इकडेच येते, दवाखान्याची नोकरी इथूनच करते. अंगणाचा घाट त्यासाठीच. विठाबाईने तर झोपाळ्यावर कोण कुठे बसायचं तेही ठरवलंय. ती मधे, तू डावीकडे आणि मी जागा उरली तर.

परवा गोरख गवंडी माप घ्यायला आला. त्याला म्हटलं, दाराच्या उजव्या हाताला हातभर जागा सोड, माती तशीच राहू दे. तो म्हणाला, "आबा, येवढ्या देखण्या कामात भोक ठेवता व्हय? तुळस लावायची का तितं?" मी नाही म्हटलं. का ते सांगवेना. म्हातारं बिघडलंय असं पुटपुटत गेला. तो तुला फोन करणारच, त्याच्याआधी माझं ऐक.

तुझ्या दवाखान्यातला अतुल, विठाबाईच्या मोतीबिंदूच्या वेळी आम्हाला घरी सोडायला आला होता तो, मागच्या आठवड्यात एकटाच आला. ओट्यावर बसून चहा प्यायला, भाताचं पीक कसं आहे विचारलं, आणि उठता उठता म्हणाला, "आबा, मी अनघाला लग्नाचं विचारलंय. ती म्हणते, दोघं म्हातारी एकटी पडतील. तिला रागावू नका, मी थांबेन."  राग आला. त्याचा, तुझा, पवनचाही. मग नुसता थकवा राहिला. पोरी, आमची सोबत म्हणून तू तुझे दिवस घालवायचे, हे ओझं मला पेलवणार नाही.

आपल्याकडे नवरा गेलेल्या बाईचं दुसरं लग्न म्हणजे नुसता पाट लावतात. तिन्हीसांजेला, चार माणसांत, काही चोरल्यासारखं. मांडव नाही, वाजंत्री नाही. माझ्या आत्याचा तसाच लावला होता. तुझं तसं करायचं नाही. मला आपल्या दारात मांडव घालायचाय, आणि मांडवाची मेढ, म्हणजे पहिला खांब, मातीतच रोवावी लागते. त्यासाठी ती हातभर जागा. अतुलला हो म्हण, एवढंच सांगायला हे पत्र. आमचं आम्ही बघू, आणि नाहीच जमलं तर तुम्हा दोघांना हाक मारू. विठाबाईला कालच सांगितलं.  संध्याकाळी भाकरी थापताना माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मेढीला फांदी उंबराचीच आणा. आन् हिरवा चुडा दुसऱ्या कुणी भरायचा न्हाई तिला. मी भरणार."

तुझाच,
आबा