काळ्या काचेच्या कपच्या

३ जून
वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर. पुन्हा एकदा. आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या पुढे उपयोगी पडतात.

काम तेच. डोंगरात रस्ता काढायचाय, त्याआधी जमिनीत जुन्या माणसांचं काही आहे का ते आम्ही बघायचं. सरळ रेषेत चाला, खड्डा खणा, माती चाळा, ‘काही नाही’ असं लिहा, खड्डा बुजवा. की पुढचा खड्डा.

आमची क्रू चीफ बर्टी स्कॅग्ज हिवाळ्याआधी नोकरी सोडणार. तिची जागा मला. आमचे साहेब डॉक्टर लिंडक्विस्ट तसं बोललेले नाहीत, पण मागच्या वेळी माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली होती. आईला कळवून टाकलं. ती म्हणाली, लायल, चांगलंच आहे, पण नाही झालं तर मुकाट्याने मामाच्या टायरच्या दुकानात जायचं. कबूल केलं. कबूल करायला आपल्या बापाचं काय जातंय!

मग विचारते, डायनोसॉर सापडला का रे? आई, आम्ही माणसांचं शोधतो. डायनोसॉरवाले वेगळे. दर फोनला हेच.

५ जून
पाऊस. तंबूभोवती चर खणला. अगदी चौकोनी, रेखीव. बर्टी म्हणाली, जंगलात असा चर मारू नये रे राजा, खुणा राहतात. राहू देत की! कोरडा झोपलो. ती भिजली.

८ जून, संध्याकाळ
नवा संकल्प: दगडाचा भाला स्वतः घडवायचा. चीफला हाताने सगळं यायला हवं. त्यासाठी ओरेगनहून पोस्टाने ऑब्सिडियन मागवून ठेवला होता. ज्वालामुखीची काळी काच. आमच्या डोंगरात औषधालाही मिळत नाही.

भाला झाला, पण जरा बटाट्याच्या वळणावर गेला. दोष दगडाचा. अंगठा कापला. बर्टीने चिकटपट्टी दिली. तिच्या लेकीची, हिरव्या हसऱ्या डायनोसॉरची. माझ्यासारख्या माणसाला! निमूट लावून घेतली, रक्त थांबेना.

आमच्यात एक रिवाज आहे. दगड फोडायचा तो ताडपत्रीवर, आणि कपच्या पुरायच्याच तर चालू सालचं नाणं सोबत टाकायचं, म्हणजे पुढच्या शतकात कुणी फसणार नाही. बर्टीने दोनदा आठवण केली. पण नाणी गाडीत, गाडी खाली ओढ्यापाशी, कोण जातंय? तंबूमागे खड्डा केला, कपच्या लोटल्या, माती ओढली. फसणारा असेल तर तो मूर्खच म्हणायचा.

पट्टीही कुठेतरी पडली. बरं झालं.

१२ जून
अस्वल आलं होतं. मसालेदार मांस भरलेले माझे पेपरोनी रोल कुठे ठेवलेत ते त्याला कसं कळलं, देव जाणे. माझ्या उशीखाली होते. बर्टीने उरलेलं खाणं उंच झाडाला टांगलं. तळ हलवला, आता डोंगराच्या पलीकडच्या अंगाला.

७ जुलै
नॅडीन नावाची नवी मुलगी आली. माझी जोडीदार. मी खणायचं, तिने चाळायचं. बारीकसारीक गोष्टीत नाक खुपसते. म्हणाली, तुझं होकायंत्र गळ्यात आणि पोलादी थापी छातीच्या खिशात, सुई थापीकडेच ओढली जाणार ना? म्हटलं, बाई, मला दिशा उपजत कळतात. म्हणे, मग काल आपण सरळ चालत जिथून निघालो तिथेच जेवायला कसे आलो?

योगायोग असतात.

२० जुलै
गोचिड्या. गांधीलमाश्या. रोडोडेंड्रॉनच्या दाट झुडपांच्या जाळीत अडकलो. नॅडीनने पाय धरून ओढून काढलं. तिला म्हटलं, जाळीची घनता तपासत होतो. सगळे खड्डे रिकामे. डॉक्टरांचा निर्णय जवळ आला आणि माझ्या नावावर काय, तर एक गंजका डबा.

२९ जुलै
बर्टी लेकीचे दात दाखवायला गावात. जाताना म्हणाली, दोन दिवस तू बघ, आणि बाबा रे, काही उद्योग करू नकोस. म्हणजे चाचणीच ही! उद्या पूर्वेच्या धारेवर जायचं. तिथे आजवर कुणी पाय ठेवलेला नाही.

३० जुलै, दुपार
सापडलं! घाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल.

पहिल्याच खड्ड्यात काळ्या कपच्या. ओंजळीने. ऑब्सिडियन! अरे, देशाच्या पार त्या टोकाचा दगड! म्हणजे जुन्या काळी एवढ्या लांबचा व्यापार चालत होता. आजवर कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत आहे.

नॅडीन म्हणाली, धार फारच ताजी वाटते नाही? म्हटलं, जतन उत्तम आहे.

३० जुलै, संध्याकाळ
वाढतच चाललंय. कपच्यांना लागून पाल्याखाली चौकोनी चर. घराचा पाया! कोपऱ्यांत बारीक भोकं, खांबांची. घर लहान, एकच माणूस आडवा होईल. म्हणजे साधा माणूस नव्हे, पुजारी. जगापासून दूर राहत असणार. मला तो समजतो.

धारेवर चढून डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, कशालाही हात लावू नका, मी येतो. रस्त्याचं काम थांबवलं. माझ्या एका शब्दावर बुलडोझर थांबले!

नॅडीन म्हणते, आपण नक्की कुठे आहोत ते एकदा नकाशावर बघूया का? तिच्या पोटात दुखतंय, दुसरं काय.

आईला सांगितलं, चीफ झाल्यातच जमा. मामाला नाही म्हणून कळव. ती रडली. मीही जरा.

१ ऑगस्ट, सकाळ
दाढी केली. ओढ्यात शर्ट धुतला, ओलाच घातलाय. डॉक्टरांसमोर बोलायचं ते पाठ. सुरुवात: “मी काही विशेष केलं नाही.”

१ ऑगस्ट, दुपार
डॉक्टर आले. रस्त्याचा मुकादम आला. बर्टीही परत आली. तिने झाडांकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात मी भाषण सुरू केलं. व्यापार सांगितला. पुजारी सांगितला. मुकादमाने टोपी काढली.

डॉक्टर गुडघ्यावर बसले. ब्रशने हळूहळू माती सारू लागले. एक कपची, दुसरी कपची. मग हिरवं काहीतरी. चिमट्याने उचललं, उन्हात धरलं.

हसत होता तो. शेपूट अंगठ्याच्या वळणाने वाकलेलं.

बर्टीने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. मी छातीच्या खिशात हात घालायला गेलो, तर तिथे थापी, गळ्यातल्या होकायंत्राला टेकून.

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, पुजाऱ्याला इथे झोप नीट लागायची ना? मुकादमाने टोपी घातली आणि बुलडोझर चालू करायला गेला.

डॉक्टरांनी स्वतःच्या खिशातून नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. टाकलं खड्ड्यात. बुजवला.

२ ऑगस्ट
चीफ नॅडीन. तिने सांगितलं तेव्हा लाजली बिचारी, म्हणाली, तुझं खणणं चांगलं आहे रे. ते खरंच आहे.

आईचा फोन. सवयीने विचारलंन, डायनोसॉर सापडला का?

हो म्हटलं. सापडला.

अगं बाई! म्हणाली. शेजारणीला हाका मारायला निघाली. तिला थांबवलं. म्हटलं, आई, ते राहू दे. मामाला विचार, सोमवारी दुकान किती वाजता उघडतो.