मागच्या अंगणातलं खुराडं

प्रिय ताई,

गेल्या चार दिवसांत तुला तीनदा फोन लावला आणि तीनही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला. समोर तुझा आवाज आला की माझी जीभच उचलत नाही. म्हणून लिहितेय. मध्येच कागद खाली ठेवू नकोस.

शहरात कोंबड्या पाळायला पालिकेची बंदी आहे, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तरी आणल्या. जुनं कपाट आडवं पाडून मागच्या अंगणात खुराडं केलं, पुढे जाळी ठोकली. कोंबडा ठेवला नाही, म्हणजे बांग नाही. शेजारच्या पोस्टमनकाकांना आठवड्याला चार अंडी, म्हणजे तक्रार नाही. ते हसून म्हणायचे, "मला कुठलं ऐकू येतंय, कान गेलेत माझे!" हे ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर. मशीनवर कपडे शिवत बसले की मागून कोंबड्यांची कुरकुर ऐकू यायची आणि घर भरल्यासारखं वाटायचं.

गेल्या सोमवारी सकाळी जाळी उघडली तर तांबडी मान टाकून पडलेली. तुरा काळानिळा. काहीतरी भलतंसलतं खाल्लं असेल, अशी मनाची समजूत घातली आणि तिला पुरून टाकलं. बुधवारी आणखी दोन गेल्या. जनावरांच्या डॉक्टरकडे जावं, तर त्याचा पहिला प्रश्न येणार, ठेवल्यात कुठे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार! त्या दोघींनाही पुरलं, कोपरापर्यंत हात घासले, चिंगीला अंगणात जायचं नाही म्हणून दम दिला. तेव्हा तिनं हळूच सांगितलं, सोमवारी मी उठायच्या आधी ती तांबडीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला वाटलं, झोपलीय.

शुक्रवारी शाळेतून आली ती फणफणलेलीच. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी प्राणी, पक्षी काही आहेत?" ताई, मी "नाही" म्हटलं. पोरगी माझ्या खांद्यावर धापा टाकत होती, आणि मी पालिकेला भिऊन खोटं बोलले. चिठ्ठी घेऊन पायऱ्या उतरायला लागले तर चिंगी म्हणाली, "आई, कोंबड्यांचं का नाही सांगितलंस?" तशीच मागे फिरले, रांग ओलांडून आत शिरले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता मास्क लावला, मलाही एक दिला आणि फोन उचलला. मोठ्या दवाखान्यात आम्हाला वेगळ्या खोलीत ठेवलं. चिंगीच्या नाकातला नमुना नेला, घरी जाऊन कोंबड्यांचेही नेले. रविवारी संध्याकाळपर्यंत मी तिचा श्वास मोजत बसले होते. दाराशी पावलं वाजली की मोजणी चुकायची. मग रिपोर्ट आला. साधा फ्लू. आज तिनं दूध मागून घेतलं.

कोंबड्यांचा रिपोर्ट मात्र वाईट निघाला, बर्ड फ्लू. पालिकेची माणसं अंगभर पांढरे पोशाख घालून आली, उरलेल्या दोघींना घेऊन गेली, खड्डे उकरून चुना टाकला. पोस्टमनकाका खिडकीत उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

साहेबांनी विचारलं, "एकूण किती होत्या?" मी म्हटलं, "पाच." त्यांनी लिहून घेतलं. ते फाटकापर्यंत गेले आणि मीच त्यांना हाक मारून थांबवलं. ताई, मी तुझा पत्ता दिलाय. तुला एकटीला करमत नाही म्हणून मी ती सहावी, पांढरी तुझ्याकडे आणून सोडली, तो रविवार तांबडी मेली त्याच्या आदल्या दिवशीचा. शुक्रवारी फोनवर तू सांगत होतीस, ती कशी तुझ्या मांडीवर येऊन बसते, आणि मध्येमध्ये खोकत होतीस. दम्याचा खोकला म्हणालीस. तेव्हाही मी हवापाण्याचंच बोलत राहिले. मला अजून आठवडाभर घराबाहेर पडायचं नाही, नाहीतर मीच आले असते. ज्याच्या हाती हे पत्र दिलंय तो पालिकेचा माणूस आत्ता तुझ्या दारात उभा आहे. तिला लपवू नकोस. जन्मभर माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण आधी त्याच्यासोबत दवाखान्यात जा.

तुझीच,
धाकटी