निळा झालेला माइक

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून संकल्प. रोज पहाटे शाळेतली एक कविता, चालीसकट, फोनमध्ये म्हणून घरच्यांना पाठवायची. फोनने या मंडळींचं वाटोळं केलंच आहे, निदान त्याच वाटेने थोडे संस्कार आत सोडावेत. श्रीगणेशा नदीच्या कवितेने. अकरा मिनिटं झाली. कडवी चारच आहेत, पण आमच्या बाई ती कशी शिकवायच्या हे सांगितल्याशिवाय कविता उलगडत नाही.

६.२५
पाठवून चार सेकंद होतात न होतात तोच चिरंजीवांचा अंगठा. अकरा मिनिटांची नदी चार सेकंदांत पार करणारा मुलगा माझ्याच पोटी यावा!

४ फेब्रुवारी
सूनबाईंनी माहिती दिली: समोरच्याने ऐकलं की माइकचं चिन्ह निळं होतं. लगेच तपासलं. हॉस्टेलवर राहणाऱ्या नातीला मी वेगळी पाठवतो. तिचा माइक निळा! म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. निळा म्हणजे निळा, शंकेला जागा नाही. घराण्यात एकीला तरी कान आहेत.

५ फेब्रुवारी
व्याही आले. दोन गल्ल्या सोडून राहतात, त्यामुळे येतातच. दोन तास सोफ्यावर फोन उघडून, आवाज फुल्ल. मांजर पडतं, माणूस घसरतो, पुन्हा मांजर. मी नदीच्या कवितेतल्या संध्याकाळबद्दल बोलत होतो. ते मध्येच 'वा!' म्हणाले. मांजराला. वय वर्षं बहात्तर. तरुणांना काय बोलायचं मग?

७ फेब्रुवारी
आज उगाच मन मागे गेलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अडतीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रंक कॉल जोडले. कानाला हेडफोन, तोंडाला कुलूप. त्याआधी पाचवीत एकदा स्टेजवर उभा राहिलो होतो. तिसऱ्या कडव्यात कुणीतरी चुकून पडदा पाडला. आयुष्यात एकदा तरी लोकांसमोर नदीची कविता पूर्ण म्हणायची आहे. बाकी काही मागणं नाही. नात बरोबर असली तर दुधात साखर. तिला ती मीच मांडीवर घेऊन शिकवली. बोलावतील कुणीतरी. खऱ्या गोष्टीची कदर उशिरा होते, एवढंच.

८ फेब्रुवारी, शनिवार
नातीने आवाज पाठवला. नऊ मिनिटं चाळीस सेकंद! चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
ऐकायला घेतला. "आजोबा, ऐका ना, म्हणजे कसंय ना, अ‍ॅक्चुअली..." मग बसचा हॉर्न. मग मैत्रिणीला "अगं थांब की जरा". मग पुन्हा "तर कसंय ना". चाळीस सेकंदांत मुद्द्याचं एक वाक्य नाही. आमच्या वेळी तीन मिनिटांच्या कॉलमध्ये माणसं जन्म, मरण आणि सोयरीक सांगून वर तब्येत विचारत. या पिढीला वेळेची किंमतच नाही. बंद केला. उरलेलं सवडीने ऐकेन.
उत्तरादाखल पाखरांची कविता पाठवली. साडेबारा मिनिटं.

१० फेब्रुवारी
हिने विचारलं, नातीचं ऐकलंत का, कॉलेजच्या कसल्याशा कार्यक्रमाला तुम्हाला बोलावायचं चाललंय तिचं. म्हटलं, ऐकलं. (चाळीस सेकंद ऐकलं आहे. खोटं नाही.) मग काय उत्तर दिलंत, म्हणाली. म्हटलं, दिलं.
कार्यक्रम म्हणजे काय असणार? भिंती हादरवणारे स्पीकर, आणि त्यांच्यापुढे फोन वर धरून उभी पोरं. अशा ठिकाणी माझं काय काम? तिने पुन्हा विषय काढलाच तर गुडघा पुढे करावा.

१२ फेब्रुवारी
नातीकडे गेल्या चार कवितांचे माइक निळे झाले नाहीत. तिकडे नेटवर्क नसणार. एवढे टॉवर उभारून उपयोग काय? आमच्या एक्स्चेंजमध्ये असं चालत नसे.

१३ फेब्रुवारी
नवल! व्याही आले आणि फोन खिशातच. म्हणाले, ती तुमची नदी जरा लिहून द्या, आणि चालही सांगा. माझ्या नादाने माणूस सुधारला तो असा! लिहून दिली, चाल सांगितली, तीन वेळा म्हणवून घेतली. गळा अगदीच फाटका. ते म्हणाले, तुमची सर मला कुठून येणार, पण पोरीचा शब्द मोडवत नाही हो. कुठली पोर ते विचारायचं राहिलं. मी तेव्हा चौथ्या कडव्यात होतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ
ग्रुपवर व्हिडिओ आला. कॉलेजचं स्टेज, मागे फलक: 'दोन पिढ्या, एक कविता'. माइकसमोर माझी नात. शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून व्याही. नदीची कविता. दुसऱ्या कडव्यात ते गडबडले, तर तिने त्यांचा हात धरून पुढची ओळ उचलली. हॉल टाळ्यांनी दणाणला. चौथं कडवं दोघांनी मिळून म्हटलं. पूर्ण.
चिरंजीव म्हणाले, बाबा, तिने आधी तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही ऐकलंत, माइक निळा झाला, आणि उत्तर काय, तर पाखरांची कविता! ती समजली तुम्हाला यायचं नाही. दोन दिवस रडत होती.
मी म्हणालो, दुसऱ्या कडव्याची चाल साफ चुकली.
सूनबाई आत गेल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपार
सगळे झोपल्यावर ऐकलं. मुद्दा सहाव्या मिनिटाला येतो. त्याआधी चार वेळा अडखळली आहे. मी त्याला 'वेळेची किंमत नाही' म्हणत होतो. घाबरली होती, मी नाही म्हणेन म्हणून.
शेवटी म्हणते, बाकी सगळे मला सांगतात, टाइप कर, एवढं कोण ऐकत बसणार? तुम्ही मात्र ऐकता, म्हणून सगळं तुम्हालाच सांगते. याल ना, आजोबा?
मी "येतो" म्हणालो. मोठ्याने.
आतून हिने विचारलं, कुणाशी बोलताय.
कुणाशी नाही, म्हटलं.