साहेबांचा जबडा

४ मार्च

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि आजचं वाक्य जरा लांब आहे.

आपला साहेब आजारी होता. होता म्हणतो, कारण आता बरा आहे, आणि कुणामुळे बरा आहे ते पुढे येईलच. तुला ठाऊक आहे, रोज रात्रीची जेवणं झाली की मी त्याचे दात घासतो. इतके स्वच्छ दात कुठल्याच कुत्र्याचे नसतील. माझ्या पेशंटांचे तर नाहीतच. मध्यंतरी खालच्या डाव्या सुळ्यामागे हिरडीवर वाटाण्याएवढा गुलाबी गोळा दिसला. तुझी वहिनी लगेच म्हणाली की प्राण्यांच्या डॉक्टरला दाखवू या. मी म्हटलं, जन्मभर लोकांच्या तोंडात डोकं घालून बसलेला माणूस घरात असताना बाहेर कशाला जायचं. हिरडी चिडली आहे असं निदान करून मी मोकळा झालो आणि औषध चोळत बसलो. गोळ्याने माझ्या निदानाला भीक घातली नाही. पुढे पाण्याच्या भांड्यात रक्त दिसलं, शेजारचा दात कलला, तेव्हा कुठे मी माझा शहाणपणा आवरता घेतला.

इथले डॉक्टर सालस गृहस्थ आहेत. त्यांनी गाठ काढायचं ठरवलं, तर मी माझा एप्रन घालून आणि डोळ्यांना भिंगं लावून त्यांच्या शेजारी उभा राहिलो. ते म्हणत होते की सुळा आणि त्याखालचं थोडं हाडही काढायला हवं. सुळा ठणठणीत होता, गं. चांगला दात काढणं मला बघवत नाही. मी त्यांना दात वाचवण्यावर एक व्याख्यानच दिलं. बिचाऱ्यांनी शेवटी हात टेकले आणि नुसती गाठ कापली. तपासणीचा अहवाल सोबत पाठवतो आहे. शरीरात पसरणारी नाही, असं त्यात लिहिलं आहे. सुळा जागेवर आहे, साहेब खुशीत आहे आणि मी कॉलर ताठ करून फिरतो आहे. तेव्हा शाबासकी पाठवावी.

लोभ आहेच. तो वाढवलास तर मी आणखी लाडावेन, म्हणून आहे तेवढाच ठेव.

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. शाबासकी पाठवत नाही. अहवाल दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा तुझा कान धरावासा वाटला. लहान बहिणीला ते करता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

दात ज्या पेशींपासून घडतात, त्यांच्यातूनच ही गाठ उगवते. म्हणजे ती तुझ्याच खात्यातली, आणि नेमकी तुलाच ओळखू आली नाही. ती फुप्फुसात वगैरे जात नाही हे खरं, पण हाडात मुळं धरते. वरून खुडली की पुन्हा येते. ती समूळ काढायची तर भोवतालचं बोटभर निरोगी हाडही जावं लागतं. डॉक्टर तेच सांगत होते. तू त्यांना बोलू दिलं नाहीस. माझ्या फोनची तक्रार करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

तरी नशीब समज. कुत्र्यांच्या तोंडात काळी गाठ येते, ती दिसेपर्यंत बहुधा दुसरीकडे पोचलेली असते. आणि मांजरांचं तर विचारूच नकोस. परवा माझ्या दवाखान्यात एक मांजर आलं होतं, जिभेखाली गाठ. मालकीणबाईंना वाटत होतं की दात दुखतो म्हणून खात नाही. मला कापण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. वेदना कमी करायचं औषध दिलं आणि त्यांना घरी पाठवलं. त्या बाई दारात मला धन्यवाद म्हणाल्या. त्या दिवशी मी जेवले नाही.

म्हणून सांगते, त्या जागेवर नजर ठेव. गाठ पुन्हा दिसली तर औषध चोळू नकोस, त्याला घेऊन थेट इकडे ये. मला घाई करायला लावू नकोस आणि उशीरही करू नकोस.

वहिनीला नमस्कार आणि साहेबाला पापा. तुझ्यावरचा लोभ सध्या तात्पुरता स्थगित.

तुझी,
छोटी

२ मे

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि. हे पत्र मी यांच्या नकळत लिहिते आहे. म्हणजे हे शेजारच्याच खोलीत आहेत, पण करवतीच्या आवाजात यांना काही ऐकू येत नाही.

साहेबाची गाठ परत आली आहे. मला दिसली, म्हणजे यांना माझ्या आधीच दिसली असणार. पण हे कबूल करत नाहीत. दात घासायला बसतात आणि उजवीकडचेच घासून उठतात. मी विचारलं तर म्हणाले, साहेबाचा आज मूड नाही. साहेब तर तोंड उघडून बसला होता.

आता करवतीचं सांगते. यांनी पेशंटच्या कवळीसाठी घेतात तसं साहेबाच्या जबड्याचं माप घेतलं. मी त्याचं डोकं धरलं होतं, तरी मापासाठी तोंडात भरलेला मसाला निम्मा त्याने गिळला आणि निम्मा माझ्या साडीला लागला. मग यांनी त्या मापावरून प्लास्टरचे जबडे पाडले, एकदोन नव्हे, ओळीने. जेवणाच्या टेबलावर आमच्या ताटांना जागा नाही. हे बसून एकेक जबडा वेगवेगळ्या तऱ्हेने कापून बघतात की सुळा कसा राहील. काल मी सहज म्हटलं की एकदा सुळा काढूनही कापून बघा. तर हे उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

दिवसभर लोकांना म्हणतात, काही दुखणार नाही, घाबरू नका. घरी आले की साहेबाशेजारी जमिनीवर बसतात. यांना तुम्हीच बोलवा. मी सांगितलं तर तो संसारातला वाद होतो, तुम्ही सांगितलंत तर तो सल्ला ठरतो.

मी लिहिलं असं सांगू नका. साडीचा डाग निघाला तर कळवीन, माया मात्र आत्ताच कळवते.

तुमची,
वहिनी

६ मे

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. तुला बहुधा कळलंच असेल, कारण परवा तुझ्या वहिनीने पाकीट उशीखाली सरकवलं आणि मी बघितलं नाही असं दाखवलं. गाठ परत आली आहे. आधीपेक्षा मोठी आहे. तू म्हणाली होतीस तसंच झालं, हे एकदाच लिहितो, पुन्हा लिहून घेऊ नकोस.

सोबत पार्सल पाठवतो आहे. त्यात साहेबाच्या जबड्याची प्रतिकृती आहे. हसू नकोस, माप उत्तम आलं आहे. त्यावर पेन्सिलीने रेघ मारली आहे. त्या रेघेने कापलंस तर गाठ जाते आणि सुळाही राहतो. करवत तिरकी धरावी लागेल, पण तुझा हात चांगला आहे. मागचा एखादा लहान दात घेतलास तरी चालेल. दोनही घे. मी घासाघीस करतो आहे हे मला कळतंय. आमच्याकडे पेशंट करतात तेव्हा मी त्यांना हसतो.

खरं सांगू का? मला भीती वाटते. अर्धा जबडा गेल्यावर तो खाईल कसा, चेंडू कशाने धरेल, पाणी कसं पिईल, असले प्रश्न डोक्यात घोळतात. एका बाईंचा दात काढायचा होता, तर माझाच हात थांबला. त्यांनी मला धीर दिला. खुर्चीतल्या पेशंटने डॉक्टरला धीर द्यायचा, इतकी पत घसरली आहे. साहेबाला काही झालं तर ते माझ्या व्याख्यानामुळे होईल, ही गोष्ट मला झोपू देत नाही.

तूच कर. दुसऱ्या कुणाच्या हाती मी त्याला देणार नाही.

लोभावरची स्थगिती उठव, अर्ज समज हवा तर.

तुझा,
दादा

१० मे

ती. दादास,

सा. न. वि. वि. पार्सल पोचलं. प्रतिकृती इतकी सुंदर आहे की दवाखान्यातल्या सगळ्यांनी हातात घेऊन बघितली. तुझी रेघ मात्र खोडरबराने पुसली. कुत्र्याच्या सुळ्याचं मूळ हाडात किती मागे जातं हे बाहेरून दिसत नाही, आणि तुझं माप बाहेरचंच आहे. गाठ त्या मुळालाच बिलगलेली असणार. स्कॅन केल्यावर नक्की सांगेन, पण सुळा जाणार हे आजच मनात धर.

तो खाईल. पहिले काही दिवस मऊ अन्नाचे गोळे हाताने भरवायचे, मग आपला आपण खायला शिकेल. जीभ एका बाजूने बाहेर राहील, पाणी सांडेल, जबडा थोडा सरकेल. कुत्री आरशात बघत नाहीत, दादा. आमच्याकडे या ऑपरेशननंतर तोंड पाडून बसतात ते मालक. साहेब तुझ्याकडे बघून घाबरेल, स्वतःकडे बघून नाही.

सोमवारी घेऊन ये. माझी एकच अट आहे. तू बाहेर बसशील. एप्रन नाही, भिंगं नाहीत, दाराच्या काचेतून डोकावणं नाही. वहिनीला बरोबर आण, तुला धरून ठेवायला.

मलाही भीती वाटते, पण मी ती हात धुताना बेसिनपाशी ठेवून आत जाते. स्थगिती उठवली आहे.

तुझी,
छोटी

२ जून

ती. दादास,

सा. न. वि. वि. अहवाल आला. कापलेल्या सगळ्या कडा स्वच्छ आहेत. गाठ पुरती निघाली. आधी हे लिहून टाकलं, आता सावकाश वाच.

एक गोष्ट तुम्ही इथे होतात तेव्हा बोलले नाही, कारण तुम्हाला साहेबाला घरी न्यायची घाई होती आणि मला रडू आलं असतं. सुळा मी न थांबता काढला. मग हाड कापत मागे सरकले, तर पहिली मोठी दाढ लागली. स्कॅनमध्ये ती चांगली दिसत होती. तिच्यापुढचं हाड मात्र मला आवडत नव्हतं. दुसरं कुणाचं कुत्रं असतं तर मी विचार न करता दाढ घेतली असती. पण तुझा तो बापुडवाणा चेहरा आठवला आणि माझा हात थांबला. वाटलं, एवढी एक ठेवावी याच्यासाठी. तुला इतकं सुनावणारी मी, आणि तुझ्यासारखीच वागत होते. असं मी कधी कुणाला विचारत नाही, पण नर्सला बाहेर पाठवलं, म्हटलं, दाढ घेऊ का ते दादाला विचारून ये.

ती निरोप घेऊन आली की लागेल तितकं घ्या, आमच्याकडे बघू नका. मी दाढ घेतली. अहवालात लिहिलं आहे की गाठ त्या दाढेच्या मुळाशी पोचली होती. दाढ ठेवली असती तर गाठ तिसऱ्यांदा आली असती, आणि तेव्हा मला काय करता आलं असतं, माहीत नाही.

तुझ्याबद्दल बोलले ते सगळं मागे घेते. तो निरोप द्यायला किती जड गेलं असेल ते मला कळतं. मला तुझा अभिमान वाटतो, दादा. हे वाक्य जपून ठेव, रोज लिहिणार नाही.

साहेबाची हकीकत सविस्तर कळव. लोभ आता तुझ्या बाजूला झुकला आहे.

तुझी,
छोटी

७ जून

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून झालं तेव्हा तुझी वहिनी समोर बसून फारच शांतपणे वर्तमानपत्र वाचत होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने पान उलटलं. मी सगळं खरं लिहिणार आहे असं तिला सांगितलं. ती म्हणाली, लिहा, पण अक्षर नीट काढा.

साहेबाचं आधी. तो खातो, आणि वाडगा भिंतीपर्यंत ढकलत नेऊन खातो. पाणी पितो त्याच्या निम्मं जमिनीवर सांडतं, ते मी पुसतो. जीभ डावीकडून लोंबते, त्यामुळे तो सदा कुणाची तरी टिंगल करतो आहे असं वाटतं. घरात टिंगल करण्याजोगा माणूस कोण आहे हे सांगायला नको. चेंडू परवा उचलला, दोनदा पडला, तिसऱ्यांदा उजव्या बाजूने धरून माझ्या पायावर आणून टाकला. आपलं काही गेलं आहे हे त्याच्या गावीही नाही. उरलेले दात घासायला तो पूर्वीसारखाच तोंड उघडून बसतो.

आता तुझ्या अभिमानाबद्दल. तो वहिनीच्या नावावर करावा लागेल. नर्स बाहेर आली तेव्हा मी बाकावर नव्हतो. मला रडू आवरेना, म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडत होतो, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. नर्सने मालक कुठे आहेत विचारलं. वहिनीने विचारलं, काय काम आहे. नर्सने दाढेचं सांगितलं, आणि वहिनीने मला हाक न मारता तो निरोप दिला. मला घरी आल्यावरही सांगितलं नाही. तुझ्या पत्रातून कळलं.

मी तिथे असतो तर काय म्हटलं असतं, यावर मी बराच विचार केला. माझ्याविषयी चांगलं मत करून घेण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. पण मला मी ठाऊक आहे. एवढी एक राहू दे, असंच म्हटलं असतं, आणि तू ती ठेवली असतीस.

म्हणजे बघ, निदान मी चुकवलं, पहिलं ऑपरेशन मी बिघडवलं, आणि साहेबासाठी माझ्या हातून एकच काम धड झालं. वेळेवर तिथून उठून रडायला गेलो.

लोभ ठेव, त्यातला मोठा वाटा वहिनीला दे. मला उरेल तो पुरे.

तुझा,
दादा