प्रभाग सातमधला ओटा

॥ श्री ॥
तांबवाडी, ता. जि. बीड
दि. ११ नोव्हेंबर २०२५

ती. गहिनीनाथमामांच्या सेवेशी,
हनुमानचा शि. सा. न. वि. वि.

आमच्याकडे सगळे खुशाल. तुम्ही मोबाईल वापरत नाही म्हणून दुकान नोकरावर सोडून हे पत्र लिहायला बसलो आहे. निवृत्त पोस्टमास्तरचा जावई होणे सोपे नाही, हे मला आता एकोणीस वर्षांनी कळते आहे.

बातमी अशी की नगरपंचायतीचा आमचा प्रभाग सात यंदा महिलांसाठी राखीव निघाला. मी पाच वर्षं तयारी केली आणि सोडतीत सगळी वाया गेली. तरी खचलो नाही. तुमच्या भाचीचा, म्हणजे सौ. वनमालाचा, अपक्ष अर्ज भरून टाकला. नाव तिचे, कारभार माझा, हे सगळ्या गावाला ठाऊक आहेच. बॅनरही लागले. त्यावर मी हात जोडून उभा आहे आणि खाली कोपऱ्यात तिचाही फोटो घेतला आहे.

जाहीरनामा मी स्वतः केला. वेशीवर स्वागतकमान, तिला रंगीत दिवे, चौकात कारंजे आणि तळ्याकाठी सेल्फी पॉइंट. बीडचे लोक बघून तोंडात बोटे घालतील. समोर सुभद्राबाई उभ्या आहेत. त्यांचा जाहीरनामा एका ओळीचा, की नालीवरच्या कोणाच्याही ओट्याला हात लावणार नाही. याला काय विकास म्हणायचे?

अडचण एकच. वनमाला भाषण पाठ करीत नाही. चार पाने लिहून दिली, ती तिने दळणाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली. तुम्ही वडीलकीने दोन शब्द लिहावेत. मामींना नमस्कार. आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नये, ही विनंती.

आपला,
हनुमान


॥ श्री ॥
तांबवाडी
दि. १९ नोव्हेंबर

ती. मामांस,
वनमालाचा सा. न. वि. वि.

तुमचे पत्र पोचले. भाषण पाठ कर असे तुम्ही लिहिलेत, म्हणून खरोखर पाठ केले. पण काल मारुतीच्या मंडपात बायांची बैठक होती, तिथे माईक हातात आला आणि पहिला शब्दच आठवेना. चांगली दोनशे बायामाणसे माझ्याकडे बघत होती. तुमचे जावई पहिल्या रांगेतून ओठ हलवून सांगत होते, पण त्यांच्या मिशीमुळे काही कळेना.

शेवटी मागून आमच्या शेजारच्या सरस्वतीबाई उठल्या. त्या म्हणाल्या, भाषण राहू दे बाई, निदान नाव तरी घे. मग काय, सगळ्याच बाया टाळ्या वाजवायला लागल्या. मी डोळे मिटले आणि तोंडाला आले ते म्हणाले:

कमानीला रंग द्या, चौकात कारंजं लावा,
आधी हनुमानरावांना नळाच्या रांगेत उभं ठेवा.

मामा, मंडपाचे पत्रे हादरतील एवढ्या हसल्या बाया. आणखी एक घे म्हणून हट्टच धरला. माझी भीती कुठे गेली कोण जाणे. मी दुसरा घेतला:

बाजाराच्या दिवशी बायांची होते फार दैना,
हनुमानराव भिंतीआड जातात, आम्हाला ते जमेना.

यावर मात्र कोणी हसले नाही. सगळ्या जणी माना हलवत राहिल्या. एक म्हातारी जवळ येऊन म्हणाली, "तीस वरसं बाजार करते मी. सकाळपासून पाण्याचा घोट घेत न्हाई, कावून ते आजवर कुणी इचारलं न्हाई." मला रडूच आले.

उखाणा घ्यायचा म्हणजे नवऱ्याचे नाव आलेच, त्याला मी काय करणार? पण हे घरी आल्यापासून बोलत नाहीत. त्यातच गल्लीतल्या लखनने प्रचाराच्या रिक्षावर यांच्या भाषणाऐवजी माझे उखाणे लावले आहेत.

खरे सांगू का मामा, आधी मी यांच्यासाठी उभी राहिले होते. आता मला स्वतःसाठी निवडून यायचे आहे, अगदी मनापासून. हे कोणाला बोलले नाही, तुम्हालाच लिहिते. मामींच्या गुडघ्याला तेल चोळत जा. आठवण ठेवा आणि आशीर्वादाचा हात पाठीवर असू द्या.

तुमची,
वनमाला


॥ श्री गणेश प्रसन्न ॥
लिंबागणेश
दि. २४ नोव्हेंबर

चि. हनुमानरावांस अनेक उत्तम आशीर्वाद.

आपले रागाचे पत्र मिळाले. पाकिटावर तिकीट उलटे चिकटवले होते, त्यावरूनच मजकुराचा अंदाज आला. वनमालाने काय लिहिले असे आपण विचारता. मी चाळीस वर्षे टपाल खात्यात काढली, एकाचे पत्र दुसऱ्याला दाखवले नाही. आता या वयात ती सवय मोडणार नाही.

परवा लिंबागणेशच्या बाजारात तांबवाडीचे परमेश्वर भेटले. ते सांगत होते की प्रभागातली पोरेसोरे आपल्या नावाचे उखाणे म्हणत शाळेत जातात. आपण पाच वर्षे बॅनर लावलेत, तेव्हा हे कोणी केले नव्हते. शिवाय बॅनरवर आपण ताडाएवढे आणि उमेदवार पोस्टाच्या तिकिटाएवढी, असेही त्यांनी सांगितले. मतदान यंत्रावर आपले नाव नसेल, एवढे लक्षात असू द्यावे.

घरात बोलणे सुरू करावे. अबोल्याने पोट भरत नाही. मामींचे आशीर्वाद. आमच्याविषयी मनात अढी न धरता येत-जात राहावे.

आपला शुभचिंतक,
गहिनीनाथ


॥ श्री ॥
तांबवाडी
दि. २८ नोव्हेंबर

ती. मामांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

मामा, आता हद्द झाली. काल चौकातल्या सभेत तुमच्या भाचीने माझ्या तोंडावर हा उखाणा घेतला:

नाली तुंबून सरस्वतीबाईंच्या अंगणात झालं तळं,
हनुमानरावांचा ओटा फोडल्याशिवाय व्हायचं नाही मोकळं.

आमच्या दारापुढचा ओटा तुम्ही पाहिला आहे. शहाबादी फरशी बसवून घेतलेला, सावलीतला, टेकायला भिंत असलेला. आता तो नालीवर आहे हे खरे. त्याखाली कचरा अडतो आणि पाणी मागे फिरते, हेही थोडेफार खरे. पण गल्लीत सगळ्यांचेच ओटे नालीवर आहेत. संध्याकाळी परमेश्वर, लखन आणि मी तिथे बसतो. मी पाच वर्षं नगरपंचायत चालवली ती त्याच ओट्यावरून. ओटा गेला तर माणसाने बसायचे कुठे?

मी तिला समजावले की निवडून येईपर्यंत तरी ओट्याचे नाव काढू नको. ती म्हणाली की एकोणीस वर्षं आपल्या नालीचे पाणी दुसऱ्याच्या अंगणातून झाडून काढताना मान खाली घातली आहे, आता नाही घालणार. सरस्वतीबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांच्यासमोर मी काय बोलणार?

आपण तिला ताबडतोब लिहावे की हा उखाणा मागे घे. तुमच्या शब्दाबाहेर ती नाही. कळावे, कृपादृष्टी असावी आणि पत्र लवकर टाकावे.

आपला दुःखी,
हनुमान


॥ श्री गणेश प्रसन्न ॥
लिंबागणेश
दि. १ डिसेंबर

चि. सौ. वनमालास अनेक आशीर्वाद.

तुझा एक उखाणा मागे घे, असे तुला ताबडतोब लिहावे अशी मला विनंती आली आहे. त्याप्रमाणे ताबडतोब लिहीत आहे. उद्या मतदान आहे आणि हे पत्र तुला चार तारखेच्या आत मिळणार नाही. मी खात्यात होतो, मला हे चांगले ठाऊक आहे.

आता विनंती पुरी झाली, तेव्हा मनातले लिहितो. लहानपणी तू शाळेत हजेरीला उभी राहिलीस तरी तुझा आवाज निघत नसे. तुझा आवाज चौकापर्यंत गेला हे ऐकून मला फार बरे वाटले. निकाल काय लागायचा तो लागो. मामी म्हणते, जावयाला जरा जपून घे, त्यांचा जीव ओट्यात आहे. आमच्यावरचा लोभ वाढता ठेव.

तुझा,
गहिनीनाथमामा


॥ श्री ॥
तांबवाडी
दि. २२ डिसेंबर

ती. मामांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

वनमाला निवडून आली. पेढे एसटीने पाठवले आहेत. पण हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत टाकावे. मामींनाही दाखवू नये.

दोन तारखेला मी मतदानाला गेलो. खोक्याआड उभा राहिलो आणि बटणावर बोट ठेवले, तर डोळ्यांपुढे ओटा आला. एक मत इकडचे तिकडे झाल्याने काय बिघडते, असा विचार केला आणि सुभद्राबाईंचे बटण दाबले. वाटले होते, उद्या मोजतील आणि प्रकरण मिटेल. तर मतमोजणीच एकवीस तारखेवर ढकलली. हे मधले दिवस मी कसे काढले, ते माझे मला ठाऊक. तिच्याकडे बघायची सोय राहिली नव्हती.

काल मोजणी झाली. वनमालाला चारशे बारा. सुभद्राबाईंनाही चारशे बारा. मामा, मी आकडा दोनदा विचारून घेतला. अख्ख्या मंडपात तो हिशेब मला एकट्याला कळत होता. माझे मत घरात राहिले असते तर ती दोन मतांनी सरळ आली असती.

मते समान, म्हणून निवडणुकीच्या साहेबांनी दोघींच्या नावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकून डबा हलवला. तेवढ्या वेळात मी तुमच्या गणपतीला किती नारळ बोललो ते आठवत नाही. तिचे नाव निघाले आणि मी सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो. लोक म्हणाले, बायकोवर किती जीव आहे बघा. त्याने तर आणखीच रडू आले.

घरी आलो, पहार घेतली आणि हार गळ्यात असतानाच ओटा फोडायला लागलो. ते बघून लखनने आपला फोडला, मग सगळी गल्लीच लागली. आज सरस्वतीबाईंचे अंगण कोरडे आहे. परमेश्वर आणि मी सध्या दुकानाच्या पायरीवर बसतो. पायरीला फार ऊन लागते.

तिला हे कधीही कळू देऊ नये, एवढे पदरात टाकावे. अपराधी असलो तरी आपलाच आहे, हे विसरू नये.

आपला,
हनुमान


॥ श्री ॥
तांबवाडी
दि. २५ डिसेंबर

ती. मामांस,
वनमालाचा सा. न. वि. वि.

पेढे मिळाले असतील. मामींना एकच द्या, साखर वाढते. काल मी मुख्याधिकाऱ्यांना पहिला अर्ज दिला, बाजारतळावर बायांसाठी स्वच्छतागृहाचा. त्यांनी कमानीचा प्रस्ताव नाही का, असे विचारले. मी म्हणाले की कमानीखालून जाणाऱ्या बाईचा आधी विचार करू, मग कमानीचा. हे मी उखाण्याशिवाय बोलले, मामा.

ओटा यांनीच फोडला. हाताला फोड आले, तरी कोणाला पहारीला हात लावू दिला नाही. तुम्हाला यांचे पत्र आले असणार आणि त्यात काय असेल ते मला ठाऊक आहे, म्हणून विचारत नाही. दोन तारखेला हे मतदान करून घरी आले आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला चहा करून दिला. त्यात साखरेऐवजी मीठ होते. मी तो सगळा प्याले आणि तेव्हाच समजले, यांनी मत कोणाला दिले ते.

राग आला होता, खूप आला होता. पण मोजणी लांबली आणि रोज सकाळी चहा येत राहिला. आता साखर बरोबर पडते. मग झाडू आला, मग भांडी आली, काल स्वतःहून भाकरीचे पीठ मळले. निकालानंतर हे थांबेल असे वाटले होते, तर उलट वाढलेच आहे. म्हणून हात जोडून एवढेच सांगते, मला कळले आहे हे त्यांना इतक्यात कळवू नका. गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायची राहिली आहे.

मामींना नमस्कार. भाचीवरची माया अशीच राहू द्या.

तुमची,
वनमाला