सांभाळून घेणारा कॅमेरा

मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व
बुधवार, ३ डिसेंबर २०२५

प्रिय नोएल,

देव तुला आणि वेन्डीला संसारात सुखी ठेवो. आम्ही दोघी इकडे बऱ्या आहोत.

पाकीट बघून दचकला असशील. घरात कुणी आजारी नाही आणि जागेचा काही कागदही नाही. पावणेदोन वर्षं आपण फोनवर "जेवलास का", "हो, तू?" एवढंच बोलतोय, आणि मला जरा जास्त बोलायचं होतं. हाताने का लिहिलं ते शेवटी सांगते.

आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो. काठी घे म्हटलं तर म्हातारी दिसेन म्हणते, म्हणून भर डिसेंबरात छत्री टेकत चर्चला जाते. रविवारी अ‍ॅडव्हेंट लागला, म्हणजे नाताळापर्यंत आपल्याकडची लग्नं बंद. फोटोंचं काम नाही, रिकामी होते म्हणून आपल्या स्टुडिओचं कपाट आवरलं. तुझं निळं स्वेटर सापडलं. एक बाही उंदराने खाल्लीय, दुसरी चांगली आहे.

वेन्डी सांगत होती, मालाडच्या त्या कंपनीत तू दिवसाला दोनशे बुटांचे फोटो काढतोस. बूट बरे, डोळे तरी मिटत नाहीत. पण ती असंही म्हणाली की घरी तू कॅमेऱ्याला हात लावत नाहीस. तिच्या बहिणीच्या साखरपुड्यात सगळ्यांनी आग्रह केला, तर "माझ्या हातात नको, बिघडेल" म्हणून उठून गेलास. ते ऐकल्यापासून मला नीट झोप नाही.

असो. तुला नव्या कॅमेऱ्याबद्दल सांगायचं राहिलंय. चार वर्षं तू माझ्या कानाशी मिररलेस, मिररलेस करत होतास. जेवताना मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ते व्हिडिओ दाखवायचास, आणि मी म्हणायचे, आपला जुना डीएसएलआर चालतोय ना, मग कशाला थेरं. तू गेलास आणि तीन महिन्यांत मी तोच घेतला. हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं.

तर तुझं सगळं खरं निघालं. जुन्यात फोटो काढून मग मागच्या स्क्रीनवर बघायचा, काळा आला की परत. यात डोळा लावला की फोटो कसा येणार ते आधीच दिसतं. नवरीचा डोळा एकदा पकडला की ती मान फिरवो, हसो, रडो, फोकस सोडत नाही. आपल्या जुन्याला फोकसचे नऊ ठिपके, त्यातला मधला एकच भरवशाचा. चर्चमध्ये मेणबत्तीच्या उजेडात जुन्याचे फोटो रवाळ यायचे, याचे स्वच्छ येतात. आणि आवाज नाही. फादरनी गेल्या महिन्यात एका लग्नात विचारलं, पॅट्रिशिया, आज तू फोटो काढलेसच नाहीस का?

जुन्याचीही बाजू सांगते, नाहीतर बिचाऱ्यावर अन्याय होईल. त्याची बॅटरी हळदीपासून पाठवणीपर्यंत पुरायची, याला दिवसात तीन लागतात. त्याला पाच बटणं, संपलं. याच्या मेनूत शिरले की मी बाहेरच येत नाही. जुन्यात भिंगातून समोरचं माणूस दिसायचं, यात त्याचा छोटा टीव्ही दिसतो. आणि तो खटाक आवाज. तो झाला की माणसं सैल व्हायची. आता कळतच नाही. शेजारचा मार्कस फोटो काढून झाल्यावरही पाच मिनिटं पोट आत ओढून उभा होता.

पण सगळ्यात मोठं म्हणजे हा सांभाळून घेतो. याच्या आतला सेन्सर तरंगता असतो. हात जरा हलला की तो उलट दिशेला हलून फोटो स्थिर ठेवतो. जुन्यात तसलं काही नाही. हात हलला की फोटो हलला.

आई हाक मारतेय. उरलेलं उद्या.

गुरुवार, सकाळ

काल लिहिलेलं आत्ता वाचलं. त्यात खोटं काही नाही, पण ज्यासाठी लिहायला बसले ते त्यात नाही.

घाटकोपरच्या तेजलचं लग्न तू विसरला नसशील. हॉलच्या पायरीवर जुना कॅमेरा तुझ्या हातून निसटला. तू उचललास, पुसलास, दोन फोटो काढून बघितलेस आणि म्हणालास, "ठीक आहे गं, चालतोय." त्यानंतर तू व्हिडिओकडे गेलास आणि मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंत तो कॅमेरा माझ्याकडे होता. निम्मे फोटो हललेले आले. तेजलचे वडील स्टुडिओत आले तेव्हा मी तुझ्यासमोर त्यांना सांगितलं की माझ्या भावाने कॅमेरा पाडला, आतलं काहीतरी सरकलं असणार. तू त्यांच्यापुढे हात जोडलेस. मी बाजूला उभी होते.

आठ दिवसांनी मी कॅमेरा दुरुस्तीला काशीरामकडे नेला. त्याने तो ट्रायपॉडवर बसवला, भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलेलं असतं त्याचा फोटो काढला आणि मोठा करून दाखवला. छोट्या जाहिरातींतलं अक्षरन् अक्षर वाचता येत होतं. काशीराम म्हणाला, "मॅडम, याला काहीच झालेलं नाही. वापरतं कोण?"

मी म्हटलं, माझा भाऊ.

"मग भावाचा हात डॉक्टरला दाखवा," तो म्हणाला.

मी घरी आले आणि तुला सांगितलं की कॅमेरा कामातून गेला, आता दुरुस्त होणार नाही. त्याच महिन्यात तू मालाडला राहायला गेलास.

नोएल, कॅमेरा तुझ्यामुळे बिघडला नव्हता. तो बिघडलाच नव्हता. माझा हात हलत होता, आणि मला ते तेव्हाच माहीत होतं. त्याच्या आधी वर्षभर चहाचा कप बशीवर वाजायचा. दर लग्नातले दहातले दोन फोटो हललेले निघायचे, ते तू बघायच्या आत मी काढून टाकायचे. गावठाणात कळलं की पॅट्सीचा हात कापतो, तर उद्या मला कोण बोलावणार, एवढंच डोक्यात होतं. पायरीवर तुझ्या हातून कॅमेरा पडला आणि मला आयतं निमित्त मिळालं. मग नवा घेतला. फोटो खणखणीत यायला लागले, आणि जो तो म्हणायला लागला, बघ, दोष जुन्या कॅमेऱ्याचाच होता. मीही मान हलवायचे. लाज वाटते लिहिताना.

हे असंच चाललं असतं. पण बावीस नोव्हेंबरला मार्कसच्या लेकीचं, व्हॅलेन्सियाचं, लग्नाच्या आदल्या दिवशीचं उंबराचं पाणी होतं. सगळ्या बाया लुगडी नेसून, बँड लावून विहिरीवर. विहिरीवर आता जाळी आहे, पंप आहे, तरी पाणी घागरीनेच काढायचं. बँडच्या नादात माझी तिसरी बॅटरीही संपली. घागर वर येत होती, म्हणून मी पिशवीच्या तळातून जुना काढला. सवयीने ठेवते रे. सहा फोटो काढले, सहाही हललेले. मार्कस मागे उभा होता. त्याने माझ्या हातातून कॅमेरा घेतला आणि एक फोटो काढला. मार्कसला फोटो काढता येत नाही हे जगाला ठाऊक आहे. त्याने नेहमीसारखी निम्म्या बायांची डोकी कापली. पण जे आलं होतं ते काचेसारखं स्वच्छ. घागरीवरून ओघळलेला थेंब दिसत होता.

तो सगळ्यांदेखत म्हणाला, "अगं, हा तर झकास चालतोय. नोएलने उगाच मनाला लावून घेतलं."

मी कॅमेरा परत पिशवीत टाकला. पण दुसऱ्या दिवशी लग्न पार पडलं आणि सोमवारी मी डॉक्टरकडे गेले. कंप आहे. जिवाला धोका नाही, पूर्ण जाणारही नाही. गोळी सुरू केलीय, कप आता कमी वाजतो. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होता का, तेव्हा मला पप्पांचा ग्लास धरलेला हात आठवला. आपण सगळे ते दारूचं समजायचो.

मग शनिवारी घाटकोपरला तेजलकडे गेले. खरं काय ते तिच्या वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "हे तुम्ही त्या मुलासमोर सांगायला हवं होतं." मी हो म्हटलं. तेजलच्या मांडीवर दोन महिन्यांची मुलगी होती. जिन्यापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "तुमच्या भावाने बाबांपुढे हात जोडले ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं. बारशाला त्यांनाच पाठवा." बारसं चार जानेवारीला आहे. परत येऊन मार्कसलाही सांगितलं, म्हणजे एव्हाना पूर्ण गावठाणाला कळलंय. आईला मी आधीच सांगितलं होतं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, पोराला लिही.

माफ कर असं म्हणायचा मला हक्क आहे की नाही, माहीत नाही. तरी म्हणते, मला माफ कर. नाही जमलं तरी एवढं मान की तुझ्या हातात दोष नाही. तो जुना कॅमेरा साक्षीला आहे. सोबतच्या कागदात मार्कसने काढलेला फोटो ठेवलाय, डोकी नसलेला. बघ.

अठ्ठावीस डिसेंबरला आपल्याच चर्चमध्ये लग्न आहे. मी असं ठरवलंय की नवा कॅमेरा तुझ्या हातात. तुझं मन होतं त्यावर, आणि स्थिर हातात तो काय काय करेल ते मलाही बघायचंय. मी जुना ट्रायपॉडवर लावून पायऱ्यांवर घरच्यांचे ग्रुप फोटो काढीन. तिथे हात लागतच नाही, फक्त मार्कसला पोट सोडायला सांगावं लागतं. नाही आलास तर रागावणार नाही. पण तुझी खुर्ची आवरून ठेवलीय.

आता हाताने का लिहिलं ते. मोबाइलवर टाइप केलं असतं तर सगळी अक्षरं सरळ आली असती आणि तुला काहीच दिसलं नसतं. पहिलं पान परत उघडून बघ. तुझं नाव लिहिताना 'नो'ची मात्रा दोनदा घसरलीय. ते पान मी बदललं नाही.

हात हलतो ती, आणि तुझी वाट बघते ती,
तुझी
पॅट्सी